रुसलेल्या सखीकडे स्वतःच जावे लागते

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र बरेच मोठे होते, ते थोडे कमी केले आहे.

पत्र पहिले

आदरणीय ताई,

आम्ही पाच जोडपी आहोत. मुले एका शाळेत होती तेव्हापासूनची, म्हणजे १२ वर्षांची आमची ओळख आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी भिशी असते, जेवण असते (जैन मैत्रिणीसाठी वेगळ्या भांड्यांतला स्वयंपाक), आणि माघात जोतिबाचे दोन-तीन तरी खेटे आम्ही सगळे मिळून पायी करतो. आमच्यातले एक जोडपे ख्रिस्ती आहे, तेही कुशिऱ्यापर्यंत सोबत येते. देवाधर्माचे वावडे आमच्यात कोणालाच नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाचीच्या लग्नासाठी पाटल्या आणि मोहनमाळ काढायला आमची एक मैत्रीण बँकेत गेली, तेव्हा लॉकर रिकामा निघाला. तिच्या यजमानांनी शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये पैसे घालवले होते, ते भरून काढण्यासाठी तिचे १८ तोळे सोने तारण ठेवले होते आणि दोन वर्षे घरात त्याचा एक शब्दही काढला नव्हता. आता त्यांनी तिची माफी मागितली आहे आणि ते व्यवहार बंद केल्याचे ते सांगतात. एका रविवारी आम्ही सर्वांनी तिच्या घरी बसून तिला समजावले. ख्रिस्ती मित्राने प्रभूच्या प्रार्थनेची आठवण करून दिली, जैन मैत्रिणीने ‘उत्तम क्षमा’चा अर्थ सांगितला, मी तिला अंबाबाईची शपथ घातली. तिने सगळे ऐकून घेतले, चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

त्यानंतर ती भिशीला आलेली नाही, व्हॉट्सअॅपचा ग्रुपही तिने सोडला. तिचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला गुगल पेवर येतो. ती त्याच घरात राहते, सगळे करते, पण मुलीच्या खोलीत झोपते. नवऱ्यासोबत राहिलीस तर कायद्याने त्याला माफ केल्यासारखे होते, असे तिच्या भावाने सांगितले आहे आणि तो तिला माहेरी ये म्हणून आग्रह करतो आहे. तिच्या यजमानांच्या पतसंस्थेतील एका कर्जाला माझ्या यजमानांनी जामीन म्हणून सही केली होती, त्यामुळे आमच्या घरीही थोडा ताण आहे, पण तो मुद्दा वेगळा. तिने माफ करावे यासाठी आम्ही मित्रमंडळींनी काय करावे? श्रद्धा असलेली बाई इतकी कठोर कशी होते?

एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

जो मुद्दा तुम्ही ‘वेगळा’ म्हणून एका वाक्यात बाजूला सारला आहे, तेथूनच मला सुरुवात करावी लागेल. करार कायद्याप्रमाणे, करारात दुसरे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, तेव्हा हप्ते थकले तर नोटीस तुमच्याही दारात येऊ शकते. ही झाली पैशाची बाजू. परंतु तुमची मैत्रीण ज्याबद्दल दोन वर्षे अंधारात होती, त्यातला काही भाग तरी तुमच्या घरातील एका माणसाला माहीत होता, आणि त्या काळातही भिशी होत होती, खेटे होत होते, ती तुमच्या शेजारून चालत होती. सहीची गोष्ट तुम्हाला केव्हा कळली, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते मला कळवू नका, तिला सांगा. त्या रविवारी तिला समजावायला बसलेल्यांत निदान एक माणूस असा होता, ज्याने उपदेश ऐकवण्याऐवजी तिच्यापुढे हात जोडायला हवे होते, आणि तुम्हा सर्वांच्या चहाचे कप उचलून ती आत गेली, यात मला कठोरपणा दिसत नाही, उलट फार मोठा संयम दिसतो.

तुम्ही अंबाबाईची शपथ घातलीत, म्हणून अंबाबाईचीच गोष्ट काढते. कोल्हापुरात ती कोणाला नवी नाही आणि तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. दैत्याचा वध झाल्यावर विजयाचा सोहळा झाला आणि त्या धामधुमीत ज्या सखीने साथ दिली होती, त्या त्र्यंबोलीलाच, म्हणजे टेंबलाईलाच, बोलावणे करायचे राहून गेले. ती रुसून शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा अंबाबाईने कोणाच्या हाती निरोप पाठवला नाही, ती लवाजम्यासह स्वतः तिच्याकडे गेली, आणि म्हणून आजही ललितापंचमीला तिची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. या कथेत ‘विजयाच्या दिवशी रुसणे बरे नव्हे’ असे त्र्यंबोलीला कोणी सुनावल्याचे मी तरी ऐकलेले नाही. चूक कोणाकडून झाली आणि चालत कोणी जायचे, याबद्दल कथेला संभ्रम नाही. शिवाय समजूत निघाल्यानंतरही त्र्यंबोली टेकडी सोडून महाद्वारात राहायला आलेली नाही. भेट दरवर्षी होते, पण ती आपल्या जागेवरच असते. (त्याच दिवशी कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यांसाठी कशी झुंबड उडते, हेही तुम्ही पाहिले असेल. एखाद्या घराची गोष्ट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फुटल्यावर काय होते, याची मला त्या वेळी हमखास आठवण येते. तिने ग्रुप का सोडला असेल, याचा एकदा या बाजूनेही विचार करा.)

दुसरी कथा याहून जवळची आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने ती हसत सोसली आणि वर त्या ऋषींचेच पाय चेपले. सहनशीलतेचे उदाहरण म्हणून ही कथा कीर्तनात अनेकदा येते, पण तिचा पुढचा भाग आपल्या शहराचा आहे. ते वक्षःस्थळ हे लक्ष्मीचे स्थान होते, अपमान तिचाही झाला होता, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते. ती वैकुंठ सोडून करवीरला आली. नवरात्रात तिरुपतीहून येणारा शालू आपण मोठ्या कौतुकाने पाहतो, पण तो रागावून निघून आलेल्या पत्नीकडे येतो, हे आपल्या फारसे लक्षात राहत नाही. स्वतःला बसलेली लाथ क्षमा करणे विष्णूच्या हातात होते, लक्ष्मीच्या वाट्याची क्षमा त्याच्या हातात नव्हती. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी जे केले, ते नेमके हेच होते, जी क्षमा फक्त तिच्या हातात होती ती तुम्ही तिच्या वतीने देऊ पाहिलीत.

तुमच्या ख्रिस्ती मित्राने ज्या प्रार्थनेची आठवण करून दिली, तिच्या मराठी पाठात ‘ऋण’ हाच शब्द आहे, आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तशी आमची ऋणे सोड, अशी ती विनवणी आहे. ऋण सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचा असतो आणि सोडण्यापूर्वी येणे किती आहे हे त्याला माहीत असावे लागते. तुमच्या मैत्रिणीला तो आकडा अजून पूर्ण कळला आहे का? जैन परंपरेतही दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असला, तरी पर्व संपल्यावरच्या क्षमावाणीत माणूस आधी स्वतः क्षमा मागतो. दोन्ही मित्रांनी सांगितले ते खरेच होते, फक्त ज्याला सांगायला हवे होते तो माणूस शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

हे मी उंचावरून सांगते आहे असे समजू नका. समुपदेशनाच्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्याला मी अशीच घाईने माफी मागायला आणि द्यायला लावली होती आणि नोंदवहीत ‘समेट झाला’ असे समाधानाने लिहिले होते. आठ महिन्यांनी ती बाई पुन्हा आली तेव्हा म्हणाली, “त्या दिवशी सगळ्यांनाच घरी जायची घाई होती ताई, तुम्हालाही.” त्यानंतर ‘समेट’ हा शब्द मी पहिल्या बैठकीत कधी लिहिला नाही.

आता तिच्या भावाच्या म्हणण्याबद्दल. ते अगदीच निराधार नाही, पण अर्धवट आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या २३व्या कलमाप्रमाणे, क्रूरता किंवा व्यभिचार या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्या व्यक्तीने त्या कृत्याला आधीच क्षमा केली होती का, हे न्यायालयाला पाहावे लागते. १९७५ साली एका मराठी दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या क्षमेचा अर्थ उलगडून सांगितला, आणि तो मला अनेक प्रवचनांपेक्षा नेमका वाटतो. चूक माफ करणे आणि चूक करणाऱ्याला पूर्वीच्या स्थानी परत घेणे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच ती क्षमा होते, आणि ती सशर्त असते, म्हणजे तसाच किंवा दुसरा वैवाहिक अपराध पुन्हा घडला तर जुना अपराधही पुन्हा जिवंत होतो. मुलीच्या परीक्षेसाठी किंवा सासूच्या औषधपाण्यासाठी एका छपराखाली राहणे, एवढ्यावरून कोणी क्षमा गृहीत धरत नाही. तेव्हा केवळ या भीतीपोटी तिने घर सोडण्याचे कारण नाही. तिला खरोखर न्यायालयाचा विचार करायचा असेल, तर तिने भावाऐवजी वकिलांना विचारावे.

सोन्याविषयीही सांगायला हवे. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि अडचणीत पतीने ते वापरले तरी ते परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते, असे २०२४ च्या एका निकालात पुन्हा नोंदवले आहे. म्हणून तिच्या यजमानांची माफी ‘चुकलो’ या शब्दावर संपत नाही. सोनेतारणाच्या पावत्या, थकलेले व्याज, सोडवण्याची मुदत, ती चुकली तर लिलावाची नोटीस कोणत्या पत्त्यावर येणार, डीमॅट खात्याचे उतारे, हे सर्व त्यांनी न मागता तिच्यासमोर ठेवले पाहिजे. आणखी कुठे कर्ज आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक पतमापन कंपनीकडून (लोक तिला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तोही त्यांनी काढून द्यावा. त्यांना स्वतःची फार लाज वाटत असेल तर एवढे सांगा, की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासाप्रमाणे आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तोटा होणे ही त्यांच्या एकट्याची नामुष्की नव्हे, पण पत्नीच्या नकळत तिच्या पाटल्या गहाण ठेवणे हे मात्र त्यांचे एकट्याचे आहे.

राहिला प्रश्न तुमचा. जाताना ‘आम्ही’ म्हणून जाऊ नका. एखाद्या साध्या वारी, तिला सोयीची वेळ विचारून, तुम्ही आणि तुमचे यजमान जा. सही केव्हा केली, त्या वेळी काय सांगितले गेले होते, तुम्हाला केव्हा कळले आणि तुम्ही गप्प का राहिलात, एवढेच सांगा, आणि तिच्या नवऱ्याची बाजू चुकूनही मांडू नका. भिशीला ये, असेही म्हणू नका. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर उठून या, आणि काही दिवसांनी पुन्हा जा. तिचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातील सर्वांत आशेची गोष्ट तीच वाटली.

पत्र दुसरे

ताई, माझ्या हातून चूक झाली होती. दोन वर्षांपूर्वी एका बाईशी माझे संबंध होते, ते मी स्वतःहून तोडले. तालमीतल्या तिघा मित्रांना हे माहीत होते, त्यांच्याकडूनच ते घरी पोहोचले. पत्नीने माफ केले असे चार वडीलधाऱ्यांसमोर सांगितले. मी दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातो, अभिषेकही केला. कायद्यानेही आता हा गुन्हा राहिलेला नाही. तरीही ती रोज रात्री माझा फोन मागते, उशीर झाला तर मित्रांना फोन लावते. माफ केले असेल तर विश्वास का ठेवत नाही? ही कसली माफी?

एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर

कायद्याचे आधी निस्तरू. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले, हे खरे आहे, परंतु घटस्फोटाचे कारण म्हणून तो आजही कायद्यात आहे. तेव्हा त्या निकालाचा आधार पत्नीपुढे पुन्हा घेऊ नका.

तुम्ही कोल्हापूरचे आहात, म्हणून तुम्हाला हे लवकर कळेल. २०१९ च्या महापुरात ज्यांची घरे पाण्यात गेली, त्यांनी चिखल काढला, भिंतींना रंग दिला, नवे सामान आणले आणि ते पुन्हा त्याच घरात राहायला लागले. तरीही जुलै लागला, पाऊस चार दिवस लागून राहिला, की त्याच घरांतून पहिला प्रश्न येतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे तेथील लहान पोरही सांगते. त्यांनी पंचगंगेला माफ केलेले नाही असे कोणी म्हणत नाही, ते तिच्या काठावर राहतात, तिची ओटी भरतात, आणि पातळीही विचारतात. तुमची पत्नी फोन मागते तेव्हा ती पातळी विचारत असते. तिने विचारण्याआधी तुम्हीच सांगत गेलात, उशीर होणार असेल तर तासभर आधी कळवलेत, तर ते विचारणे हळूहळू कमी होईल. त्याला किती पावसाळे लागतील, हे तुम्ही ठरवायचे नाही.

वाडीला जरूर जा. मात्र पुढच्या पौर्णिमेला तिला ‘येतेस का’ असे विचारून पाहा, आणि ती नाही म्हणाली तर त्या दिवशी तुम्हीही घरी थांबा. चार वडीलधाऱ्यांसमोर वदवून घेतलेल्या माफीबद्दल मला शंका आहे. ती एकटी असताना, तिला घाई नसताना, तुम्ही तिच्याजवळ पुन्हा एकदा माफी मागा आणि या वेळी उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तालमीतल्या मित्रांवर तुमचा राग दिसतो, पण तुमचे गुपित सांभाळणारे ते तिघे दोन वेळा तिच्या हातचे जेवून गेले असतील, तर तिचाही त्यांच्यावर राग असणारच, आणि त्यांच्याशी बोलायचे की नाही हे तिला ठरवू द्या.

पत्र तिसरे

आमच्या भजनी मंडळातील एक मैत्रीण नवऱ्याच्या हातचा मार खाते. दोनदा तिच्या हातावर वळ पाहिले. मंडळातील मोठ्या बायका तिला सांगतात, देव पाहतो आहे, तू क्षमा करत राहा, तुझ्या नामस्मरणाने तो सुधारेल. मला हे पटत नाही, पण धर्माविरुद्ध बोलल्यासारखे होईल म्हणून मी गप्प बसते.

एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर

गप्प बसू नका. वर ज्या दोन पत्रांना मी सावकाश उत्तरे दिली, त्यांत आणि तुमच्या पत्रात मोठा फरक आहे. तेथे जे घडले ते घडून गेले आहे, येथे ते चालू आहे. जोपर्यंत हात उगारला जातो आहे, तोपर्यंत क्षमेचा प्रश्नच उभा राहत नाही, प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा आहे. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९१९ सालीच कायदा केला होता. शंभर वर्षांपूर्वी याच गावात जे घरातले खासगी मानले गेले नाही, ते आज भजनी मंडळाने देवावर सोपवावे, हे मलाही पटत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्याने मानलेला आहे. तक्रार म्हणजे लगेच घटस्फोट असा तिचा समज असेल तर तो दूर करा, या कायद्याखाली मारहाण थांबवण्याचा आदेश, राहण्याची सोय आणि खर्चाची रक्कम, इतकेही मागता येते. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिच्या फोनमध्ये एखाद्या साध्या नावाने जपून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी मार लागला तर सरकारी रुग्णालयात जाऊन ‘पडले’ असे न सांगता खरे कारण नोंदवून घ्यायला तिच्यासोबत जा. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले आणि त्या केसपेपरची एकेक प्रत तिने घराबाहेर कुठेतरी ठेवणे आवश्यक आहे. तिला दुसरी सोय नसेल, तर ती पिशवी तुमच्या कपाटात ठेवून घ्या.